हू-ला मदतनीस लागत नाही

विडी घरकुलातल्या समाजमंदिरात रात्री साडेआठला
फडफडून ट्यूबलाइट एकदाची लागते
आणि मी फळ्यावर लिहितो: यू आर टायर्ड.
आता याचा प्रश्न करायचा.
आर-ला उठवा, यू-च्या पुढे नेऊन बसवा.

मागून अंजम्मा गुंडेटी: कशाला उठवायचं, सर?
बसलंय की निवांत.

खरं आहे. आपल्यात कुणाला उठावं लागत नाही.
वाक्य संपता संपता एक का टांगला
की झालं.
तिच्या घरच्या तेलुगूत तेवढाही खर्च नाही,
शेवटचा स्वर जरा ताणायचा:
वच्चाडु, आला.
वच्चाडा? आला?
तोंडात तंबाखूची धूळ असली तरी जमतं.

इंग्रजीत मात्र खुर्च्या ठरलेल्या.
आणि जिथे उठवायला कुणी नसतं
तिथे डू नावाचा बदली कामगार बोलवायचा.
त्याला स्वतःचा अर्थ नाही.
गेलेला काळ डिड होऊन तोच डोक्यावर घेतो,
मुख्य क्रियापद मोकळ्या हातानं घरी.

हे मात्र न शिकवता कळलं सगळ्यांना.
अंजम्माचा सासरा एकोणीस वर्षं बदली होता,
भोंग्याआधी डबा घेऊन गेटवर उभा,
कुणी आजारी पडावं म्हणून.

व्हॉट डिड, व्हेअर डिड, व्हाय डिड.
पानाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या बाजूनं
ती अक्षरं वळते, विडीसारखी,
दोन्ही टोकं दाबून.

छाट-ला काय म्हणतात, सर?
रिजेक्ट, मी सांगतो.

छाट म्हणजे हजारातल्या चाळीस. कधी साठ.
ही ढिली, ही वाकडी, हिचं तोंड उघडं.
तपासनीस बाजूला सारतो; मजुरीत त्या नाहीत,
पण परतही मिळत नाहीत.
सत्तावीस वर्षं. हिला तीन भाषा येतात.
एकीतही विचारलं नव्हतं.

मग बुधवारी: सर, तुमचं चुकलंय.
हू टुक, एवढंच लिहिलंय. डिड कुठाय?

चुकलं नव्हतं.
करणाराच माहीत नसतो, म्हणालो,
तेव्हा पहिल्या खुर्चीत हू स्वतः जाऊन बसतो.
कुणाला हलवायचं नाही. बदली बोलवायचा नाही.

म्हणजे कुणी नेलं हे विचारायला
कुणाची मदत लागत नाही?

इंग्रजीत, मी म्हणालो.
जरा घाईनंच.

सोमवारी कारखान्याच्या खिडकीपाशी काय झालं
ते मला नरसूबाईकडून कळलं.
अंजम्मानं सूप खाली ठेवलं,
छाटीच्या ढिगाकडे बोट केलं
आणि एकच शब्द म्हणाली: एवरु?
कोण?
मागची रांग गप्प. तपासनिसानं
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

पुढं?
पुढचं नरसूबाईला दिसलं नाही म्हणे, गर्दी होती.

रात्री साडेआठला अंजम्मा आली, नेहमीच्या जागी बसली.
छाट किती पडली ते बोलली नाही.
वहीचं कोरं पान काढलं.
आज काय, सर?

मी खडू शोधत राहिलो,
हातातच होता.