अंतराचा रकाना

महापालिकेचा फॉर्म गुजरातीत,
मोजणी मात्र माझ्या तोंडात मराठीतच येते.
बोरसली लिहिते, बकुळ म्हणते.
रायण लिहिते
आणि ओठांना खिरणीचा चीक लागतो.

विश्वामित्रीच्या वळणावर सरनाईकांची बाग.
बाग म्हणायची म्हणून.
फाटकाचा एक खांब उभा, दुसऱ्याला पानाची टपरी टेकलेली,
आत बाभळी माजल्यात, आणि त्यांच्यात
मधूनच एखादं झाड असं उभं
की कळतं, याला कुणीतरी बोटीतून आणलं होतं.

बंगला नाही.
कुणी म्हणतं पाडला, कुणी म्हणतं पुरानं नेला,
सोमाभाई म्हणतो, विटा-विटांनी विकला,
शोधा आजूबाजूच्या सोसायट्यांच्या कंपाउंडांत.
उरलंय ते बंगल्याच्या मागचं.
बग्गीखान्यात सोमाभाईची रिक्षा,
बग्गीचा साज टांगायच्या आकड्याला नातवाचं दप्तर.
धोबीकुंडात शेळीची दोन पिल्लं झोपलेली.
कुत्र्यांची बराक, जिच्या जाळीच्या खोल्या
माझ्या मांजलपूरच्या बेडरूमहून मोठ्या.
आणि मुदपाकखाना.
त्याच्या दारातून एक छपराची वाट निघते,
पावसाचा थेंब कढीत पडू नये म्हणून बांधलेली.
सव्वीस पावलं जाते
आणि गवतात संपते.

मी ती दोनदा चालले.
सव्विसाव्या पावलाला हात आपसूक पुढे झाले,
कुणाला काही द्यायचं असल्यासारखे.

फॉर्मात अकरावा रकाना आहे:
जवळच्या इमारतीपासून अंतर.
चिंचा, कडुनिंब, सोपं गेलं.
पण बकुळी आठ, चार-चारच्या दोन ओळी, समोरासमोर,
मधे जेमतेम एक बग्गी वळेल एवढी जागा.
पोर्चच्या बकुळी त्या,
पोर्चशिवायच्या.
टेप उघडून उभी राहिले.
एक मुंगूस आडवं गेलं.
कशापासून मोजू?

चाकरांच्या चाळीला या बाजूनं नुसती भिंत,
साठ फूट लांब, एक झरोका नाही.
तसाच हुकूम होता, सोमाभाई सांगतो.
बाईसाहेब बागेत फिरायच्या, कुणाची नजर नको.
बाईसाहेब गेल्या, बंगला गेला,
भिंत तशीच, डोळे मिटून.
सोमाभाईच्या बापानं तिला चुना लावला, मग सोमाभाईनं लावला,
खिळासुद्धा ठोकला नाही कुणी.

गेल्या उन्हाळ्यात त्याची सून मंगू,
पादऱ्याहून आलेली, धुरानं डोळे पुसत म्हणाली,
इथं वारा का नाही?
आणि कुणी उत्तर जुळवायच्या आत
पहार घेतली.
दोन दिवस लागले. जुनी वीट, पक्की.
भंगारातली निळी खिडकी, एक काच फुटकी,
तिथं पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पंख्याच्या कंपनीचं नाव, उलटं.

काय दिसतं गं तिथून?
ती रोटला थापत होती. मान वर न करता:
कंई नहि. झाड छे.
मग थापणं थांबवून:
पुरात मगर आली होती, बेन,
तिथंच, तुम्ही आत्ता उभ्या होता ना, तिथं.
दोन दिवस पडून राहिली.
मालकासारखी.

मी टेपचं टोक तिच्या हातात दिलं,
चौकटीला धर म्हटलं,
आणि चालत सुटले बकुळींकडे.
पहिली चौतीस फूट.
दुसरी एकेचाळीस.
सहावीपाशी ती खिडकीतून ओरडली, रोटला करपतोय,
तरी टोक सोडलं नाही.

अकरावा रकाना भरला.
सुपरवायझर विचारील, कुठली इमारत?
टेप गुंडाळताना बघितलं,
पहिल्या इंचावर
बाजरीचं पीठ.