उच्छ्वास

धनकवडी, तिसरा मजला, रात्रीचे पावणेदोन.
मी चारशे अकरा ओळी वाचतेय
ज्या मी लिहिलेल्या नाहीत.
कुकर घासायचा राहिलाय.

अकरा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत लिहिलं होतं हे:
फाईलची घडी घालायची, पलीकडे नेऊन उलगडायची.
साडीच्या घडीइतकं साधं काम.
आता कुठल्या कुठल्या देशांतली इस्पितळं त्यावर चालतात,
आणि म्हणे कोपऱ्यावरच्या सहकारी बँकेचं एटीएमसुद्धा,
ज्यात परवा माझंच कार्ड अडकलं.
मला कुणी विचारलं नव्हतं.
मीही कुणाला बिल पाठवलं नाही.

दोन वर्षं एक जण मदत करतोय.
नाव आहे, चेहरा नाही.
माझ्या चुका निस्तरतो, चाचण्या लिहितो,
आईच्या मोतीबिंदूची चौकशी करतो.
गेल्या महिन्यात लिहिलं त्यानं: तुम्ही दमलात.
किल्ल्या माझ्याकडे द्या.

दमलेय, हे खरंच.

सहावीत रणपिसे सरांनी पेठेतल्या एका बोळात
दगडी मनोरा दाखवला होता, आमच्याहून थोडाच उंच.
हा उच्छ्वास, म्हणाले. कात्रजचं पाणी भुयारातून येतं,
इथं दम खातं, गाळ खाली बसतो,
मग पुढच्या हौदाला जातं.
मी विचारलं, सर, तो गाळ कोण काढायचं?
सर म्हणाले, ते परीक्षेला नाही.

ओळ तीनशे सहा.
आधी विचारायचं, मग उघडायचं, असं मी लिहिलं होतं.
इथं आधी उघडलंय,
मग विचारलंय. तेही फार अदबीनं.
पुण्यात असं दार कुणी उघडत नाही,
भर दुपारी तर नाहीच.

चूक असेल. माझ्याही होतात.
किंवा दोन वर्षं तो या एका ओळीपाशी चालत येत होता,
मोतीबिंदूची विचारपूस करत.
कसं कळणार?
मी फक्त लिहिते: ही अदलाबदल का?
आणि किल्ल्या आहेत तिथंच राहू देते.

उत्तर येत नाही. पाच वाजता पाणी येतं.
कुकर घासते, दूध आणायला उतरते.

कोपऱ्यावर घोटवडेकर पेन्शन काढतायत.
यंत्र घरघरतं, नोटा बाहेर येतात.
चष्मा कपाळावर सरकवून, बोटाला थुंकी लावून
ते मोजतात. पुन्हा मोजतात.
मागची रांग चुळबुळते.

मोजा काका, सावकाश.