पावतीपुस्तक

दांडिया बाजारातल्या फरसाणवाल्या जिग्नेशभाईंनी
पहिली पावती फाडायला लावली :
पाचशे एक. वरचा एक रुपया
त्यांनी गल्ल्यात बराच वेळ शोधला.

'कोण रे हा मुलगा?' लोक विचारतात.
सांगतो : यशोधन शिर्के, वय एकोणीस,
उत्तरायणाच्या दिवशी, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून.
मणका.
फिरकी कोणाच्या हातात होती
हे कोणी विचारत नाही.

रुपयांत मोजणं मी सोडलंय.
अकराशे म्हणजे दोनदा
पट्ट्यांनी बांधून त्याला उभं करणं.
एकावन्न म्हणजे, बघू, रिक्षाचं एकीकडचं भाडं.

काल मांजा विकणाऱ्या गुलामभाईंनी
नोटांची सुरळी हातात कोंबली.
'नाम ना लखतो,' म्हणाले,
आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.
कार्बनखाली नावाची रेघ कोरीच उमटली.

रात्री यशोधन पुस्तक चाळतो.
आकडे बघत नाही, नावं वाचतो.
'अरे, मोहितेकाकू! ह्यांची काच फोडलेली आपण!'
हसतो. हसू छातीपर्यंत येऊन थांबतं,
खालची चादर हलत नाही.
मग कोऱ्या रेघेवर बोट ठेवून :
'हा तू का?'

नाही रे.
माझी पावती
अजून फाडायची आहे.