बद्द

माझगावच्या चढावर एक जोडबंगला आहे,
विलायतेतल्या कुठल्याशा नकाशावरून उतरवलेला.
मधे एकच भिंत, आणि तिच्या दोन अंगांना
आरशात पाहावं तसं तेच ते:
यांचा जिना डावा, त्यांचा उजवा.
पन्हळीचा पाइप दोघांचा.
त्याच्या अलीकडे पिस्ता रंग,
पलीकडे कुठलाच नाही.

लांबून वाटतो घडीव दगड.
जवळ गेलात की चुना,
आणि ओल्या चुन्यात खिळ्यानं ओढलेल्या रेघा,
सांधे भासावेत म्हणून.
माझ्या कागदावर त्याला स्टको म्हटलंय.
दाऊद मिस्त्री गिलावाच म्हणतो.
‘सोंग आहे,’ म्हणाला, नखानं एक पोपडा उचलत,
‘पण शंभर पावसाळे वठवलंय.’

डावीकडचे पेणकर लोदला गेले, इस्राएलात.
दाराच्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला,
बोटभर तिरकी जागा राहिलीय
जिला कधीच रंग लागला नाही.
तीही मी मोजली. साडेचार इंच.

मग आत, स्वयंपाकघरात,
मधल्या भिंतीवर नाणं वाजवत निघालो.
ठक्क म्हणजे धरून आहे.
बद्द म्हणजे सुटलंय आतून,
वरून काही दिसत नाही.
बद्द तिथं खडूची फुली.
फुल्या फार झाल्या.

ओट्यामागं एका जागी खात्री होईना.
तीनदा ठोकलं.

पलीकडून एकदा आलं.

दाऊदनं माझ्याकडे पाहिलं.
मी नाण्याकडे.

जरा वेळानं फाटक करकरलं.
मिस ऑलिंडा परेरा, वय असेल नव्वद,
एक हात गिलाव्याला टेकवत, रेघारेघांवरून बोटं नेत,
पाइपाला वळसा घालून आल्या.
दुसऱ्या हातात झाकलेली वाटी.

‘तीनदा म्हणजे विरजण ना?
सारा कधी आली?’

आम्ही हेल्मेटं काढली. का, कोण जाणे.
त्या आत डोकावल्या. चूल नव्हती,
मांडणीच्या खुणा होत्या, आणि फुल्या.
त्यांनी फुल्या वाचल्यासारख्या पाहिल्या,
वाटी ओट्यावर ठेवली,
म्हणाल्या, ‘वाटी परत पाठवा हां, सेटमधली आहे,’
आणि आल्या तशाच भिंत धरून गेल्या.

तक्त्यात ‘स्थिती’ असा रकाना होता.
मी पेन उघडलं, मिटलं.
खडूची भुकटी वाटीवर बसू नये म्हणून
दाऊदनं तिच्यावर आपलं हेल्मेट उपडं घातलं
आणि बाहेर पोरांना हाक मारली:

‘दूध कुणाकडे आहे का रे?’