पाऊणकी

आमच्या शाळेला घंटा नाही.
पूर्वी इथे बर्फाचा कारखाना होता.
भिंतींच्या पोटात अजून भाताचं तूस आहे;
कुणी पाठ टेकली की भेगेतून चिमूटभर सांडतं
आणि पहिलीतली मुलं ते वेचून
पाटीवर बेरजा मांडतात.

सव्वीस मुलं, सात इयत्ता, दोन खोल्या.
चौदा जण बंदरवाडीतून जुव्यावर येतात
बाबल्या तारीच्या होडीतून.
तिकडची शाळा पट कमी म्हणून बंद झाली.
आमचा पट कुणी मोजत नाही,
कारण आम्हाला कुणी पैसे देत नाही.

पहिल्या महिन्यात मी रोज दहा वाजता
हजेरी उघडून बसायचे.
एकदा समोर फक्त इनास फर्नांडिस, तोही झोपलेला.
पलीकडून बाबल्याने तोंडाभोवती हात धरून सांगितलं,
"बाई, आज चवथ! चार पाऊण तीन!
आता खाडयेत चिखल, पोरां खयसून येतली?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.
बी.एड.ला हे नव्हतं.
पुस्तकातून केव्हाच गेलेला पाढा
मी चाळिशीत पाठ केला, मुलांच्या मागे बसून:
एक पाऊण पाऊण,
दोन पाऊण दीड,
तीन पाऊण सव्वादोन.
आता अष्टमीला सातच्या ठोक्याला वर्ग,
चौथीला जेवूनच या.
शाळा भरते असं आपण का म्हणतो
ते मला इथे येऊन कळलं.

तालुक्याचे साहेब एकदा तपासणीला आले.
वेळापत्रक पाहून म्हणाले, हे पंचांग आहे का?
तस्मीन मुकादम, सहावी, उभी राहिली:
"सर, आज एकादशी. सव्वाआठला पाणी भरलं.
अकराच्या आत निघा, नाहीतर संध्याकाळ."
साहेबांनी मनगटाकडे पाहिलं. चहा घेतला.
मग संध्याकाळपर्यंत त्यांनी
चौथीचे सगळे अपूर्णांक तपासले,
दोन मुलांना तर छान समजावून सांगितले.
जाताना शेरा लिहिला: वेळा अनियमित.

तस्मीन आता आठवीत, पलीकडे, मोठ्या शाळेत.
तिथे घंटा आहे, पितळेची.
तिसऱ्या दिवशी ती उशिरा पोचली
आणि कारण म्हणून तिथी सांगितली.
वर्ग हसला. ती दारात उभी राहिली दोन तास.
शनिवारी येऊन मला हे सांगताना
तीही हसत होती,
पण धाकट्यांना पाढा घेताना
"सहा पाऊण साडेचार"वर अडली,
जिथे ती कधीच अडत नसे.
मी तिला काय देऊन पाठवलं, असं
त्या रात्री मनात आलं. अजून येतं.

खाडीत पूल होतोय. नऊ खांब उभे राहिलेत.
पूल झाला की पिवळी बस येईल,
चौदा मुलं नेईल, कदाचित सव्वीसही.
पुलाविरुद्ध मला बोलता येत नाही.
तस्मीनच्या आईला कळा आल्या तेव्हा ओहोटी होती;
होडी रुतली, पोर तिथेच झाली,
बाबल्याने सुरी खाडीच्या पाण्यात धुतली.
कुणाला सांगू मी पाणी असंच राहू दे म्हणून?

काल ठेकेदाराचा माणूस
जेटीवरून हात नाचवत ओरडत होता.
तिसऱ्या खांबावर त्यांच्याच लाल रंगाने
कुणी तरी रेघा मारल्यात,
खालून वर: पाव, अर्धा, पाऊण, एक.
इनासच्या नखांत रंग होता.
मी त्याला सगळ्यांसमोर रागावले,
अर्ध्यातला रफार राहिला होता, त्यावरूनही.
मग खिडकीतून खांबाकडे पाहिलं.
पाणी पाऊणच्या रेघेला लागलं होतं,
होडी निघाली होती.
मी हजेरी उघडली.