बाहेरचं काम

रंग आतून मारायचा असतो.
पहिल्यांदा कुणाला पटत नाही हे.
पारदर्शक कवच उलटं धरायचं, वाडग्यासारखं,
आणि जे सगळ्यात वर दिसणार ते सगळ्यात आधी:
आधी निळा पट्टा, मग पिवळा, मग पाठीला पांढरा.
चुकलं तर चूक पुढेच राहते,
मागचे थर तिला नुसते टेकू देतात.

तौनोने हे सगळं स्वतःच उरकलं होतं,
ओघळांसकट.
"इर्या, तू दात रंगवतेस," तो म्हणाला,
"मला बाहेरचं करून दे."

कायानीत निम्म्या गावाच्या तोंडात माझं काम आहे.
पांढराशुभ्र दात कुणीही करील.
तो खरा वाटावा म्हणून
कडेला जरा राखाडी, मुळाशी कॉफीचा डाग,
मधोमध केसाहून बारीक तडा,
त्याचे पैसे मिळतात मला.

नोव्हेंबर. तीन वाजता अंधार.
दिवा ओढला, भिंग लावलं,
कवचावरची फिल्म सोलली,
उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी अख्खी निघाली,
आणि टेबलावर पोस्टाची गाडी उभी राहिली,
हातभर लांब, लख्ख,
आयुष्यात कधी चिखल न पाहिलेली.

तौनो समोर बसला. एकतीस वर्षं चालवलेली गाडी
आठवणीतून उतरवून द्यायला लागला.
"वायपर एकच. दुसरा सुओमुस्साल्मीच्या वाटेवर गेला."
"डावा दिवा मंद."
मी खिडक्यांची काळी रबरं काढली,
जाळीच्या अकरा रेघा,
दारांच्या फटी, इतक्या बारीक
की रंग नाही, रंगाचा संशय.
श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घेण्याआधी
थोडी मोकळी जागा असते.
तेवढ्यात एक रेघ.
करंगळी टेकलेली. मन दुसरीकडे गेलं की थिनरची काडी.

"मूठ?" मी विचारलं.
"नको. तुटली होती. दोरी होती."
"कसली?"
"पार्सलची."
"रंग?"
त्याने खूप वेळ विचार केला.
"पार्सलच्या दोरीचा."

माझ्या दातांच्या छटांमधली चौथी जुळली,
सिगारेट ओढणाऱ्या माणसाची.
तीन पदर काढले, पिळासकट. मग गाठ.
त्याने भिंग माझ्या हातातून घेतलं.
"उलटी आहे."
"गाठ?"
"आइली डावखुरी होती."
एवढं बोलून तो कपात बघत बसला.
कपात काही नव्हतं.
मी गाठ पुसली. ब्रश डाव्या हातात घेतला,
जो हात मी कधी दातालाही लावला नाही,
आणि पहिल्याच फटक्यात जमली,
जरा ढिली, जशी गाठ असते.

गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत, गालिच्याच्या ट्रॅकवर,
पोरांच्या गाड्यांवर ज्वाळा होत्या, शार्कचे जबडे होते.
एक पोरगा ओरडला, "पत्र आलं का, पत्र?"
तौनोने जॉयस्टिक दोन्ही हातांनी धरली, पूर्वी स्टिअरिंग धरत असेल तशी.
तिसऱ्या फेरीत, वळणावर,
गाडी फळीला घासत गेली. कर्रर्र.

आतलं पिवळं जसंच्या तसं.
त्याला कुणी हात लावू शकत नाही.
बाहेर, दारावर,
दोरीची दोन टोकं आणि मधे काही नाही.

मी माफी मागायच्या बेतात होते, का ते माहीत नाही.
तौनो गुडघ्यावर बसला, भिंगाशिवाय, नाक जवळ नेऊन.
"हिवाळा काढायची नाहीच ती," म्हणाला,
खुशीत, मला वाटलं.
"दर दोन आठवड्यांनी नवी बांधायची.
गाडी चालू ठेवून. शिव्या देत."

मग उठला, गुडघे झटकले.
"शनिवारी आणू?"

छटा चौथी, थेंबभर उरली होती.
बाटलीच्या झाकणात, वर ओलं फडकं घालून
ठेवली आहे.