गाडीला आवाज नाही

संकेश्वरच्या बाजारात सातगोंडानं किल्ली हातात ठेवली
आणि म्हणाला, कान लावून बघ अक्का, गाडीला आवाज नाही.
मी कान लावला. खरंच नव्हता.
कागदावर माझ्याआधी तीन नावं,
तिसऱ्यावर चहाचा डाग.
सीटखाली कुणाच्या तरी पोरीची एक बांगडी, लहान.

कडोलीहून म्हापशाला कोबी, ढबू, रताळी.
पहाटे तीनला निघायचं, चोर्ला उतरायचा,
रिकामे क्रेट घेऊन दुपारी परत चढायचा.
चौथ्या खेपेला पायाखालचा पत्रा
चपलेतून चटके द्यायला लागला.
गियरच्या दांडीचा गोळा तव्यावरनं उतरवल्यासारखा.
पदर गुंडाळून तिसरा टाकला, पडेना.
जळक्या तेलाचा वास, आणि त्याच्या मागं
आणखी कसला तरी, ओळखीचा,
नाव आठवेना.

शेजारचा भरमू म्हणाला, माल जास्त भरूलीस.
कमी भरला. तापली.
दीर म्हणाला, क्लचवर पाय ठेवून चालवतीस.
पाय नवस केल्यासारखा उचलून धरला. तापली.
रेडिएटर धुतला, कूलंट बदललं.
इंजिनाचा काटा आपला मध्यावर, शहाण्या पोरासारखा,
त्याचा काही गुन्हाच नव्हता.
मग नुसती रिकामी फिरवली, सपाट रस्त्यावर.
तरी तापली.

जांबोटीच्या फाट्यावर दावलसाब मिस्त्री.
गाडी खड्ड्यावर घेतली, तासभर निवू दिली,
तोवर बोलला नाही, शेंगा खात बसला.
मग खाली सरकला, बगलेचं बूच खोललं,
करंगळी आत घातली.
"तेल हाय की. काठापर्यंत हाय. खरं…"
आमच्याकडं खरं म्हणजे पण.
बाहेर आलेल्या बोटाकडं तो बघत राहिला.
"खरं, ह्ये तेल न्हवं."

खालचं बूच काढलं. ते पडलं नाही,
उतरलं, नाचणीच्या आंबिलीसारखं, थांबत थांबत.
निंग्या डबा धरून उकिडवा.
दावलसाबनं चिमूट उचलली, चोळली,
हुंगली, माझ्या नाकाशी धरली.
आणि तो वास नावासकट आठवला:
सुताराच्या दारातला,
माझ्या लग्नाचा पाट तासताना पायांना चिकटलेला
लाकडाचा भुसा.

दोन मुठी टाकायच्या पेटीत, तो सांगत होता,
बेअरिंग रडायचं थांबतं,
गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत.
पुढं तेल फिरत नाही, दात कोरडे घासतात, पेटी तापती.
कुणी टाकला? सातगोंडानं? चहाच्या डागवाल्यानं?
का त्याच्याही आधीच्यानं,
ज्याची पोर पुढं बसायची?
दावलसाबनं खांदे उडवले. त्याच्या कामाचा तो प्रश्न नव्हता.

डिझेलनं दोनदा धुतली. चुंबक फिरवलं,
त्याच्यावर लोखंडाची लव उठली.
बेअरिंग गेलेलं. नवं बेळगावहून, शनिवारी.
तोवर नव्वद नंबर तेल, साधं, मधाच्या रंगाचं,
भोकाच्या काठाला टेकेपर्यंत.
आणि माल अर्धा.

किल्ली फिरवली. फाटा ओलांडला.
तिसरा पडला, लोण्यात बोट घातल्यासारखा,
आणि खालून ती रडायला लागली,
लांब, एकसुरी,
रात्री मळ्यात कुणी विसरलेल्या मोटारीसारखी.
मी ब्रेक मारला, मागं बघितलं.
दावलसाब चिंधीला हात पुसत उभा.
"कूगलि बिड, अक्का."
ओरडू दे.

कणकुंबीपर्यंत गेले. पत्रा गार.
दांडीवर उघडा हात.
पुलाजवळ म्हशी धुणारी पोरं वळून बघत राहिली.

म्हापशात क्रेट उतरवताना हमाल म्हणाला,
बाई, गाडीत काहीतरी बिघाड आहे.
म्हटलं, हो.
शनिवारी बेअरिंग येणार आहे.